गच्चीवरचे झेंडे: झेंड्यांवरची आणि राज्यांची फुलं इंदुरात कशी लावावीत

जानेवारीतल्या एका सकाळी गच्चीवर गहू वाळत घालायला गेले आणि कांचनच्या वरच्या फांदीला चपट्या हिरव्या शेंगा लोंबताना दिसल्या. तिथेच माझं हाँगकाँग संपलं.

झालं असं होतं की तीन वर्षांपूर्वी इथल्याच एका नर्सरीतून साडेतीनशे रुपये मोजून हे रोप आणलं होतं. "माताजी, एकदम ओरिजिनल हाँगकाँगवाला कचनार है." मीही मान डोलावली. दोन उन्हाळे गोणपाट बांधून जगवलं. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात जांभळट गुलाबी फुलं आली, तेव्हा तिकडे राहणाऱ्या भाच्याला फोटोसुद्धा पाठवले. आणि आता शेंगा! हाँगकाँगच्या झेंड्यावर जो कांचन आहे, बौहिनिया ब्लॅकियाना, तो वांझ संकर आहे. रक्तकांचन आणि साधा कांचन यांच्या संकरातून आपोआप झालेला. त्याला शेंगा धरत नाहीत, बी होत नाही. जगात जितकी म्हणून ही झाडं आहेत ती सगळी कलमांनी वाढवलेली. ज्याला शेंग लागली ते झाड झेंड्यावरचं नव्हे, इतका सोपा निवाडा. माझा निघाला रक्तकांचन, जो इंदुरात कुठल्याही बागेत फुकट मिळतो.

या बागेची सुरुवात मात्र त्याआधीची. एका महाराष्ट्र दिनाला नातीने विचारलं, "आजी, आपल्या राज्याचं फूल कोणतं?" मी म्हटलं तामण. ती म्हणाली, "पण शाळेत तर पांढरी लिली सांगितली." दोघीही बरोबर होतो. चार पिढ्या इंदुरात काढलेल्या घरात 'आपलं राज्य' म्हणजे कोणतं, हा वाद मिटण्यासारखा नाही, म्हणून दोन्ही लावायचं ठरवलं. मग गुजरातचं, मग बंगालचं, मग झेंड्यांवरची. आज गच्चीवर चौदा कुंड्या, दोन टब आणि अंगणात तीन झाडं आहेत. चुकत चुकत जे कळलं ते क्रमाने लिहिते.

आधी कागदावर

पाठकोऱ्या कागदावर दोन रकाने करा. एका बाजूला राज्यफुलं, दुसऱ्या बाजूला खरोखर झेंड्यावर असलेली फुलं. हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि पुष्कळ लोक त्यांची गल्लत करतात. आपल्याकडे राज्यांना राज्यफूल असतं, अधिकृत वेगळा झेंडा नसतो. फार तर बोधचिन्हात फूल येतं. झारखंडने 2020 साली नवं बोधचिन्ह घेतलं त्यात पळसाची फुलं आहेत. झेंड्यावर फूल हवं तर बाहेर बघावं लागतं: हाँगकाँगचा कांचन, मकाऊचं कमळ, ऑस्ट्रेलियातल्या नॉर्दर्न टेरिटरीचा वाळवंटी गुलाब, अमेरिकेतल्या मिसिसिपीचा मॅग्नोलिया, यॉर्कशायरचा पांढरा गुलाब, कॅनडातल्या क्यूबेकच्या निळ्या झेंड्यावरच्या चार पांढऱ्या लिली.

आणि झेंड्यावरचं चित्र हे चित्रच असतं, त्यावरून रोप ओळखायला जाऊ नका. हाँगकाँगच्या लाल झेंड्यावर फूल पांढरं काढलंय, झाडावर ते जांभळट गुलाबी. नॉर्दर्न टेरिटरीच्या झेंड्यावर सात पाकळ्या आहेत, कारण सहा राज्यं आणि स्वतःचा प्रदेश असे सात मोजायचे होते. खऱ्या फुलाला पाचच. मकाऊच्या कमळाला तीन पाकळ्या. म्हणून तिसरा रकाना शास्त्रीय नावाचा हवाच. ते नाव देवनागरीत लिहून नर्सरीत न्या आणि वाचून दाखवा. भैया हसेल, हसू द्या.

नावाचे गोंधळ

पैसे सगळ्यात जास्त इथेच बुडतात, म्हणून जरा सविस्तर.

ब्रह्मकमळ. आपल्या घरोघरी कुंडीत असतं, रात्री उमलतं, शेजारपाजारचे बघायला येतात, कोणीतरी हात जोडतं. तो मध्य अमेरिकेकडचा एक निवडुंग आहे, एपिफायलम ऑक्सिपेटलम. उत्तराखंडचं राज्यफूल असलेलं ब्रह्मकमळ वेगळंच: सॉस्युरिया ओबव्हलाटा, सूर्यफुलाच्या कुळातलं, हिमालयात साधारण पावणेचार हजार मीटरच्या वर उगवणारं. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. तेव्हा खऱ्या ब्रह्मकमळाचं बी कोणी विकायला आणलं तर चहा पाजून परत पाठवा. आपलं घरचं लावायचं असेल तर पानासारखी दिसणारी चपटी फांदी वीतभर कापा, चार-पाच दिवस सावलीत सुकू द्या, मग वाळू जास्त असलेल्या मातीत दोन बोटं खोल खोचा. पाटीवर मात्र उत्तराखंड लिहू नका.

वाळवंटी गुलाब. नर्सरीत 'डेझर्ट रोझ' मागितलंत तर फुगीर बुंध्याचं अडेनियम मिळेल. ते आफ्रिका-अरबस्तानातलं. ऑस्ट्रेलियाच्या त्या झेंड्यावरचं फूल म्हणजे गॉसिपियम स्टुर्टियानम, आणि गॉसिपियम म्हणजे चक्क कापूस! गिरण्यांच्या या गावाला कापसाची ओळख करून द्यायला नको. तिथलं बी कोणा नातेवाइकाला बॅगेतून आणायला सांगू नका; परदेशी बी-रोपं आणायला 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशाखाली परवाना लागतो, आणि त्यामागे कीड-रोगांचं खरं कारण आहे. त्याऐवजी चुलत भाऊ लावा, देवकापूस. वातींसाठी जुन्या मराठी वाड्यांच्या परसात असायचा तोच. फुलाच्या तळाशी गडद ठिपका दोघांनाही असतो. मृग लागला की दोन-तीन बिया कोमट पाण्यात रात्रभर भिजवून पेरा, एकच रोप ठेवा. थंडी सरता सरता बोंडं उलतात. माझ्या एका झाडाचा कापूस वर्षभराच्या फुलवातींना पुरला नाही, पण चातुर्मासाला पुरला. पिठ्या ढेकूण नक्की येणार. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने.

तामण. महाराष्ट्राचं राज्यफूल, लॅजरस्ट्रोमिया स्पेसिओसा, जारूळही म्हणतात. नर्सरीत त्याच्या नावाखाली सावनी खपवतात, तीही लॅजरस्ट्रोमियाच, पण इंडिका. पान बघा: तामणाचं पान तळहातापेक्षा लांब, सावनीचं दोन-तीन बोटांएवढं. तामण हा वृक्ष आहे, त्याला जमीन हवी. ज्यांच्याकडे फक्त गच्ची आहे त्यांनी सावनीच लावावी. मोठ्या कुंडीत सुरेख फुलते. फक्त ती सावनी आहे हे माहीत असावं.

पांढरी लिली. मध्य प्रदेशचं राज्यफूल, लिलियम कँडिडम. ही भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडची. तिला थंडीत पाऊस आणि उन्हाळा कोरडा लागतो. आपल्याकडे बरोबर उलटं. तिचा कंद निजलेला असतो तेव्हा आपल्याकडे आषाढ बरसत असतो, आणि काळ्या मातीत तो कांद्यासारखा सडतो. मी दोनदा सडवला. क्यूबेकनेही 1963 साली हीच लिली आपलं फूल म्हणून निवडली होती. ती तिथली नव्हेच म्हणून 1999 साली बदलून तिथल्या दलदलीत उगवणारा निळा आयरिस घेतला. आपण राज्यफूल बदलू शकत नाही, कुंडी बदलू शकतो. पांढरी रेन लिली लावा, झेफिरँथिस कँडिडा. लिलीच्या कुळातलीही नाही ती, पण पहिल्या पावसानंतर चार दिवसांत पांढऱ्या फुलांनी कुंडी भरून टाकते. आमच्या पाटीवर 'मध्य प्रदेश (बदली कामगार)' असं लिहिलंय.

काय सोडून द्यावं

मणिपूरची शिरुई लिली फक्त उखरुलजवळच्या शिरुई डोंगराच्या परिसरात होते. फ्रँक किंगडन-वॉर्ड या ब्रिटिश वनस्पती-संशोधकाने 1946 साली ती पाहिली आणि शास्त्रीय नावात पत्नीचं माहेरचं नाव घातलं. ती तिथेच राहू द्या. हिमाचल आणि नागालँडचे रोडोडेंड्रॉन इंदूरच्या मे महिन्यात टिकत नाहीत. आसामचं कोपौ फूल म्हणजे आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणीच, बिहूला तिथल्या मुली केसांत माळतात; पण इथल्या मार्च ते जूनच्या कोरड्या झळांत झाडावर बांधलेलं ऑर्किड दोरीसारखं होतं. रोज तीनदा फवारा मारायची तयारी असेल तर करून बघा. माझी नाही.

पळसाचं वेगळं. उत्तर प्रदेश आणि झारखंड दोघांचं राज्यफूल, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडूच्या रस्त्याला लागलात की दोन्ही बाजूंना पेटलेला असतो. कुंडीत मात्र लावू नका. त्याचं सोटमूळ खोल जातं, कुंडीत ते गुंडाळी करून बसतं आणि झाड वर्षानुवर्षं वीतभरच राहतं. अंगण असेल तर जूनमध्ये ताजी शेंग आणून थेट जागेवर पेरा आणि विसरून जा. फुलं हवी असतील तर बाहेरून वेचून आणा, रंगपंचमीला पाण्यात उकळा. गेरमधल्या, म्हणजे आमच्या रंगपंचमीच्या मिरवणुकीतल्या रंगाचे डाग आठवडाभर जात नाहीत, टेसूचे (पळसाचे) दोन धुण्यांत जातात.

माती

इंदूरची काळी माती शेताला सोनं आणि कुंडीला शाप. पावसात लापशी होते, मार्चमध्ये तडकून कडेपासून सुटते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली वाहून जातं. आपल्याला वाटतं पाणी दिलं. कुंडीसाठी मी असं मिश्रण करते: एक घमेलं काळी माती, एक घमेलं जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम, एक घमेलं कंपोस्ट, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. रोहिडा, तरवड यांसारख्या कोरड्या मुलखातल्या झाडांना मुरूम दोन घमेली.

कंपोस्ट विकत आणू नका, निदान या गावात तरी नको. जगभर ज्याला 'इंदूर पद्धत' म्हणतात ते खत इथलंच. 1924 साली इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री निघाली, अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक होते. कापसाच्या पऱ्हाट्या, पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ठरावीक दिवसांनी उलथून तीन महिन्यांत खत करायची रीत त्यांनी इथे बसवली आणि 1931 साली पुस्तकात मांडली. ती जागा म्हणजे आजचं कृषी महाविद्यालय. गच्चीवर तेच ड्रममध्ये करता येतं. शंभर लिटरच्या ड्रमला चहूबाजूंनी आणि तळाला भोकं पाडा. तळाशी चार बोटं वाळका पाला, त्यावर दोन बोटं स्वयंपाकघरातला ओला कचरा, त्यावर शेणाचा पातळ काला, आणि वर मूठभर माती-राख. ड्रम भरेपर्यंत हेच. पंधरा दिवसांनी सगळं उपसून उलटं भरा, महिन्याने पुन्हा, दोन महिन्यांनी पुन्हा. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका. वास आला तर पाला कमी पडलाय, एवढंच. कचरागाडीला ओला-सुका वेगळा द्यायची सवय या गावाला लागलेलीच आहे, त्यामुळे अर्धं काम आधीच झालेलं असतं.

एक इशारा, कारण आमच्या खालच्या खोलीत ओल उतरली होती. ओल्या मातीचं वजन लिटरला दीड ते पावणेदोन किलो धरा. पन्नास लिटरचा ड्रम म्हणजे ऐंशी किलो. जड कुंड्या भिंतीच्या किंवा तुळईच्या वर, गच्चीच्या मधोमध नाही, आणि खाली विटांचे तुकडे, म्हणजे पाणी साठत नाही.

कमळ, पायरीपायरीने

मकाऊच्या हिरव्या झेंड्यावर 1999 पासून पांढरं कमळ आहे. कर्नाटक आणि हरियाणाचं राज्यफूलही कमळ. म्हणजे एका टबात तीन पाट्या लागतात. शिवाय हे एकच रोप असं की ज्याला आपली काळी माती जशीच्या तशी आवडते.

आधी कमळ आणि कुमुदिनी वेगळी करा. कमळाचं पान पूर्ण गोल, पाण्याच्या वर उभं राहतं, त्यावर पाण्याचे मोती होतात. कुमुदिनीचं पान पाण्यावर पसरतं आणि त्याला देठापर्यंत चीर असते. नेदरलँड्सच्या फ्रिसलंड प्रांताच्या झेंड्यावर सात लाल बदाम दिसतात. ते बदाम नाहीत, कुमुदिनीची पानं आहेत. ती चीर एकदा बघितली की पुन्हा फसत नाही. आणि ऑनलाइन मिळणारं 'निळ्या कमळाचं बी' घेऊ नका. निळी असते ती कुमुदिनी. कमळ पांढरं किंवा गुलाबी, आणि त्याचा अमेरिकेतला भाऊ पिवळा.

बी काळं, दगडासारखं. एका टोकाला अणी असते, दुसऱ्या टोकाला बारीक खळगा. खळग्याची बाजू खरखरीत फरशीवर घासा. काळं साल जाऊन तपकिरी दिसेल, मग पिवळसर पांढरा ठिपका. ठिपका दिसला की थांबा; मी पहिल्या खेपेला उत्साहात अर्धं बी घासून टाकलं होतं. काचेच्या पेल्यात पाणी घालून बी त्यात टाका, पेला खिडकीतल्या उन्हात. पाणी रोज बदला. जे तरंगतं ते काढून टाका. चौथ्या ते सातव्या दिवशी हिरवा कोंब अर्धा वळून बाहेर येतो, देवाच्या तांब्यात ठेवलेल्या दूर्वेसारखा. हे काम मार्चच्या आसपास सुरू करा, थंडीत बी निजून राहतं.

दोन-तीन पानं आणि पांढरी मुळं आली की टब. भोक नसलेला, निदान दीड फूट रुंद, फूटभर खोल. तळाशी दोन मुठी पूर्ण कुजलेलं शेणखत, त्यावर पाच-सहा इंच काळी माती, तीही ढेकळं फोडून, भिजवून, चिखल करून. कंपोस्ट वर घालू नका, तरंगतं आणि पाणी सडवतं. रोप चिखलात नुसतं टेकवा, मुळांवर चिमूटभर वाळू. सुरुवातीला पाणी चार बोटं. पानं वर आली की वीतभर. ऊन सहा तास हवंच हवं. सावलीत पानं येतात, फूल येत नाही, आणि लोक मग बियाला दोष देतात.

टबात गप्पी मासे सोडा, पहिल्याच दिवशी. डासांच्या अळ्या तपासायला महापालिकेची माणसं येतात आणि त्यांचं बरोबरच आहे. नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं, म्हणून शेजारी झाकलेली बादली भरून ठेवते. एप्रिल-मेमध्ये टबाचं पाणी रोज बोटभर उडतं. पानं चांगली वाढीला लागली की महिन्यातून एकदा अर्धा चमचा डीएपी खत कागदाच्या पुडीत बांधून, कोंबापासून दूर, चिखलात खोल दाबा. पाण्यात विरघळलं तर हिरवं शेवाळ मातेल.

बियापासून फूल बहुधा दुसऱ्या वर्षी. घाई असेल तर फेब्रुवारीत कोणाकडून कंद आणा. केळ्यासारखा असतो, टोकाला नाजूक अंकुर. तो मोडला तर कंद गेला असं समजा. अंकुर वर ठेवून आडवा पुरा. नोव्हेंबरनंतर पानं करपली की घाबरू नका, पाणी आटू देऊ नका, कंद खाली जिवंत असतो. आणि टब गच्चीवर खालच्या भिंतीच्या बरोबर वरच ठेवा, भरल्यावर मोठ्या टबाचं वजन शंभर किलोच्या पुढे जातं.

खऱ्या कांचनची गुटी

खरा ब्लॅकियाना मला शेवटी एका ओळखीच्यांच्या बंगल्यात सापडला. ओळख अशी: नोव्हेंबर ते मार्च फुलतो, फूल तळहाताएवढं, पुंकेसर पाच किंवा सहा (रक्तकांचनला तीनच कामाचे असतात), आणि शेंग एकही नाही. दोन हंगाम नजर ठेवली, मग कैची नेली.

गुटी आषाढ-श्रावणात बांधायची. पेन्सिलीएवढ्या जाडीची, गेल्या वर्षीची फांदी निवडा. डोळ्याच्या जरा खाली इंचभर रुंदीची सालीची अंगठी काढा आणि आतला बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडा. हा थर राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत; बहुतेकांची गुटी इथेच फसते. वरच्या कडेला मुळं फुटायची पूड लावा. भिजवून घट्ट पिळलेलं शेवाळ (नर्सरीतलं स्फॅग्नम मॉस) मूठभर गुंडाळा, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक, दोन्ही टोकं सुतळीने आवळून. सहा ते आठ आठवड्यांत प्लॅस्टिकमधून मुळं दिसतात. पांढरी असताना थांबा, तपकिरी व्हायला लागली की खालून कापा, अर्धी पानं काढा आणि कुंडीत लावून महिनाभर सावलीत. मी पाच बांधल्या, दोन जगल्या. एक मूळ झाडाच्या मालकांना दिली, कारण त्यांच्या झाडाला आधीच बुंध्याला कीड लागली होती.

बाकीची, भराभर

झेंडू गुजरातचा, आणि नावातच झेंडा असल्यामुळे नातीचा लाडका. मुळात तो मेक्सिकोकडचा. दसऱ्याला फुलं हवीत तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात बी टाका, महिन्याने शेंडा खुडा.

प्राजक्त बंगालचा, तिथे तो शिउली. काहीही करावं लागत नाही, फक्त सकाळी खाली चादर अंथरा. बहावा केरळचा, तिथल्या नववर्षाला, विषूच्या ताटात असतो. बी कानशीवर घासून रात्रभर कढत पाण्यात, नाहीतर वर्षभर पडून राहील. तरवड तेलंगणाचा, तिथल्या बतुकम्मा सणाला फुलांच्या उतरंडीत रचतात तो. बी असंच घासायचं, आणि मग पाणी जितकं विसराल तितकं चांगलं. रोहिडा राजस्थानचा: फूटभर उंच मुरमाच्या वाफ्यावरच, सपाट काळ्या मातीत पहिल्या पावसाळ्यात जातो. मिसिसिपीने 2021 साली झेंड्यावर मॅग्नोलिया घेतला. आपला सोनचाफाही आता शास्त्रज्ञांच्या हिशेबी मॅग्नोलियाच, तेव्हा कलमी सोनचाफा लावा, मोठ्या कुंडीत वर्ष-दीड वर्षात फुलतो.

कळलावीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. तामिळनाडूचं राज्यफूल आणि झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल. पिवळ्या-लाल ज्वाळांसारखं देखणं. पण कंद, बी, सगळंच विषारी. त्यातलं कोल्चिसीन जीव घेऊ शकतं, आणि कंद रताळ्यासारखा दिसतो. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर लावू नका. आमच्याकडे नात मोठी झाल्यावर, गच्चीच्या कुलपाआड लावली. पावसाच्या तोंडाशी इंग्रजी व्हीसारखा कंद आडवा पुरायचा, वेलीला जाळी द्यायची, दिवाळीनंतर वेल वाळली की पाणी पूर्ण बंद. हातमोजे घालून.

पाट्या

पहिल्या वर्षी मी कागदी झेंडे काड्यांना चिकटवून खोचले. एका पावसात सगळ्यांचा लगदा, आणि त्यात तिरंगाही होता. आपल्या ध्वजसंहितेप्रमाणे तिरंगा मातीत पडू देणं चूक आहे, आणि मलाही ते बघवलं नाही. आता झेंडे नाहीत. फरशीच्या दुकानातून तुटक्या पांढऱ्या टाइल्स आणल्या. ऑइलपेंटने वर फुलाचं चित्र, खाली राज्य किंवा प्रदेश, त्याखाली शास्त्रीय नाव देवनागरीत, आणि लावल्याची तारीख. झेंड्यावरच्या फुलाचं चित्र झेंड्यावर आहे तसं काढायचं, सात पाकळ्या तर सात. शेजारी खरं फूल उभं असतं, मुलं मोजतात आणि भांडतात.

तामणाची छाटणी जानेवारीअखेर. नव्या फुटीलाच फूल येतं, त्यामुळे मार्चमध्ये कैची लावलीत तर 1 मेला नुसती पानं बघत बसाल.

तो शेंगांचा कांचन मी काढला नाही. फाटकाशी अंगणात हलवला. फक्त दसऱ्याची भीती असते. कांचनचं पानही आपट्यासारखं दुभंगलेलं, आणि बाजारात आपटा म्हणून अनेकदा तेच विकतात. आपट्याचं पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंद. कांचनचं मोठं आणि पातळ. पहिल्या दसऱ्याला गल्लीतल्या मुलांनी सोनं लुटायचं म्हणून झाड खालून निम्मं बोडकं केलं, ऐन कळ्यांच्या वेळी. तेव्हापासून फाटकाच्या दुसऱ्या बाजूला खऱ्या आपट्याचं रोप लावलंय, आणि नवमीच्या संध्याकाळी त्याच्या फांद्या मीच कापून सुपात भरून ओट्यावर ठेवते.